फोन कसा धरायचा, हे माझे मी ठरवीन

परवाची गोष्ट. थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. ताई आता ८१ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात कामाचा राहिला नाही. डावा चालतो, पण हळूहळू. डोके मात्र शाबूत आहे आणि जिभेला तर काहीच झालेले नाही. तिच्या मुलाने पलंगाला एक लोखंडी दांडी बसवून दिली आहे. दांडीच्या टोकाला चिमटा आणि चिमट्यात टॅब, आडवा. उभा लावला तर दांडी वाकते आणि टॅब घसरून छातीवर येतो, म्हणून आडवा. त्यावर ती वर्तमानपत्र वाचते, नातवंडांशी बोलते, एका बोटाने मराठी टाइप करते. "दर वेळी कुणाला हाक मारावी लागत नाही," हे तिचे त्यातले मोठे सुख.

त्या दिवशी तिला एक अर्ज भरायचा होता. कोणत्या कार्यालयाचा ते लिहीत नाही, कारण माझे भांडण त्या एका कार्यालयाशी नाही. पान उघडले आणि लगेच सगळी स्क्रीन काळी झाली. मध्यभागी गोल फिरणाऱ्या फोनचे एक चित्र आणि खाली इंग्रजीत एक वाक्य.

"काय म्हणतोय रे तो?"

"टॅब फिरवून उभा धरा म्हणतोय."

"त्याला सांग, मी चार वर्षं आडवी आहे. तूही जरा आडवं राहायला शीक."

हसलो दोघेही. पण अर्ज काही उघडेना. शेवटी मी चिमट्याचा स्क्रू सोडवला आणि टॅब दोन्ही हातांनी उभा धरून तिच्यासमोर बसलो. ती एका बोटाने भरत गेली. पस्तीस मिनिटे लागली. मी पंचाहत्तरीला आलेला माणूस, हात भरून आले, ते सोडा. पण बँकेचा खाते क्रमांक, दर महिन्याला येणारी रक्कम, आजारपणाचा तपशील, हे सगळे तिला माझ्या देखत भरावे लागले. भाऊ असलो म्हणून काय झाले? जे एक काम ती कुणाच्या मदतीशिवाय करू शकत होती, ते त्या काळ्या पडद्याने तिच्या हातून काढून घेतले.

आणि मंडळी, त्या अर्जात होते काय? नाव, पत्ता, जन्मतारीख, खाते क्रमांक. उभ्या स्क्रीनवरच भरता येईल असा एकही रकाना त्यात नव्हता.

घरी आल्यावर पुतण्याला फोन केला. तो पुण्यात वेबपेजेस तयार करण्याचेच काम करतो. त्याला हे सांगितले, आणि जोडीला माझेही एक दुखणे सांगितले. गेल्या महिन्यात मी फोनवर एक लांबलचक अर्ज भरत होतो. निम्म्यावर एक तक्ता आला, सात-आठ रकान्यांचा. उभ्यात मावेना, म्हणून फोन आडवा केला. पान क्षणभर पांढरे झाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू, कोरे करकरीत. अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात.

पुतण्या म्हणाला, "काका, पण तू फोन आडवा कशाला केलास?"

आजचे हे लिखाण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

मी सगळा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला. पाटीवर लिहिणारी शेकडो मुले पाहिली. कुणी पाटी उभी धरायचा, कुणी आडवी, कुणी मांडीवर तिरकी. पण पाटी फिरवली म्हणून अक्षरे पुसली गेली असे एकदाही पाहिले नाही. आमचा हजेरीपट आडवा असायचा, कारण महिन्याचे ३१ रकाने उभ्यात मावत नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला उभा. पोथी आडवी, कादंबरी उभी. वाचणाऱ्याने ते कसे धरायचे यात कागदाने कधी नाक खुपसले नाही. मग हे कालचे पोर मला "आधी नीट धरा" म्हणून दटावणार, आणि माझाच पुतण्या त्याची बाजू घेणार?

पुतण्या मुळात गुणी आहे. माझा पारा चढलेला पाहून रविवारी स्वतः आला आणि लॅपटॉप उघडून मला सगळे दाखवत बसला. दोन चहा झाले. जे कळले ते माझ्या शब्दांत सांगतो.

फोनच्या आत एक बारीकसा संवेदक असतो. गुरुत्वाकर्षण कोणत्या बाजूला ओढते आहे ते तो सांगत राहतो. त्यावरून फोन ठरवतो की चित्र उभे दाखवायचे की आडवे. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयफोन दाखवला, तेव्हा फोन आडवा केल्यावर छायाचित्रही आडवे होते हे त्यांनी मुद्दाम करून दाखवले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता ब्राउझरमध्ये पान उघडे असताना फोन फिरवला तर काय होते? ब्राउझरला कळते की रुंदी वाढली आणि उंची घटली. तो त्याच पानाची मांडणी नव्या रुंदीत करतो. बस्स. पान नव्याने मागवत नाही, भरलेले काही पुसत नाही.

हे ऐकून मी उडालोच. माझी इतके दिवस समजूत अशी, की फोन फिरवला की पुसले जाणारच, यंत्राचा स्वभावच तो. तर तसे नाही! ब्राउझर बिचारा निर्दोष आहे. पुसतो तो पान लिहिणारा माणूस.

कसे, तेही पाहा. पानासोबत जावास्क्रिप्टच्या ओळी येतात. "फोन फिरला की मला कळव" असे तिथे लिहिता येते, आणि कळल्यावर काय करायचे तेही. काही महाभाग तिथे लिहितात, "पान रीलोड कर." एवढी एकच ओळ. का? तर फिरवल्यावर मांडणी विस्कटत होती आणि ती दुरुस्त करण्यापेक्षा पान नव्याने उघडणे सोपे. घरात पाल दिसली म्हणून घर पाडून पुन्हा बांधण्यासारखा हा प्रकार. नव्या घरात पाल नसेल, पण माझे सामान कुठे गेले?

दुसरी तऱ्हा जरा सफाईदार आहे. एकच अर्ज दोनदा बनवतात, एक अरुंद स्क्रीनसाठी, एक रुंदसाठी. रुंदी ठरावीक आकड्यापलीकडे गेली की स्क्रिप्ट अरुंद अर्ज काढून टाकते आणि रुंद अर्ज मांडते. मांडते तो कोराच. तुम्ही भरलेले त्या पहिल्या अर्जाबरोबर गेले. पान रीलोड झाले नाही म्हणून लिहिणाऱ्याला वाटते आपण सज्जन आहोत.

मग पुतण्याने मला या फिरण्याचा जुना इतिहास सांगितला. आयफोनच्या सुरुवातीच्या काळात ब्राउझर पानाला एक आकडा सांगत असे, ० किंवा ९० किंवा उणे ९० किंवा १८०. त्याचे नाव विंडो.ओरिएंटेशन. लोकांनी गृहीत धरले की ० म्हणजे उभा आणि ९० म्हणजे आडवा. आयफोनवर ते खरेच होते. पण ० चा अर्थ "उभा" असा नाही, "यंत्राची मूळ ठेवण" असा आहे. काही टॅब मुळात आडवेच बनवलेले असतात. त्यांच्यावर ० म्हणजे आडवा! तिथे ही गृहीतकावरची पाने उलटी वागू लागली. गणिताच्या पेपरात मूळबिंदू न विचारता कोन मोजणाऱ्या मुलाला मी अर्धासुद्धा गुण दिला नसता. हा जुना आकडा आता बाद ठरवला आहे. त्याच्या जागी स्क्रीन.ओरिएंटेशन नावाची रीतसर सोय आहे. ती उभा की आडवा हे शब्दांत सांगते आणि कोन वेगळा सांगते. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ती २०१४ पासून आहे, आयफोनच्या सफारीत मात्र २०२३ मध्ये १६.४ या आवृत्तीबरोबर आली. एवढा काळ दोन घरांत दोन रीती, त्यामुळे लिहिणाऱ्यांची तारांबळ झाली हे मी मान्य करतो.

आणखी एक गंमत. "फोन फिरला" ही वर्दी अनेकदा आधी येते आणि नवी रुंदी नंतर ठरते. त्या क्षणी स्क्रिप्टने रुंदी विचारली तर जुनाच आकडा मिळू शकतो. त्यावर उपाय म्हणून लोक लिहितात, "अर्धा सेकंद थांब, मग विचार." अर्धाच का? कुणाला माहीत नाही. कुणाच्या तरी फोनवर तेवढ्यात भागले म्हणून. जुना फोन असेल, दहा पाने उघडी असतील, तर अर्ध्या सेकंदात भागत नाही, आणि मग मांडणी अर्धी उभी अर्धी आडवी होऊन बसते. फोन फिरल्याची वर्दी ऐकून धावण्यापेक्षा "रुंदी बदलली" ही वर्दी ऐकावी, ती प्रत्यक्ष आकार बदलल्याचीच असते, असे पुतण्या स्वतःच म्हणाला. मी वहीत लिहून घेतले.

पण खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. मी त्याला विचारले, "अरे, पण या स्क्रिप्टची गरज काय मुळात?" तो जरा थांबला. मग म्हणाला, "बहुतेक वेळा काहीच नाही."

वाचकहो, हे वाक्य माझे नाही, धंद्यातल्या माणसाचे आहे. पान कसे दिसावे हे सीएसएस नावाच्या वेगळ्या भाषेत लिहितात. त्यात सरळ सांगता येते की रुंदी इतकी असेल तर एक रकाना, तितकी असेल तर दोन. बाकीचे ब्राउझर पाहतो. इथन मार्कोट यांनी २५ मे २०१० रोजी 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकात 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा लेख लिहिला, तेव्हापासून ही रीत सर्वज्ञात आहे. पान पाण्यासारखे असावे, भांडे कसेही असो. भांडे फिरले म्हणून पाण्याला स्क्रिप्ट लागत नाही. फोन फिरवणे म्हणजे पानाच्या दृष्टीने फक्त रुंदी बदलणे. वेगळी अशी ती घटनाच नाही.

सीएसएसमध्ये "उभा असेल तर" आणि "आडवा असेल तर" असेही विचारता येते. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ब्राउझर फोनकडे पाहत नाही, तो फक्त पान ज्या चौकटीत दिसते आहे तिची उंची आणि रुंदी पाहतो. उंची रुंदीइतकी किंवा जास्त, तर उभे. नाहीतर आडवे. आता हे पाहा. अँड्रॉइडवर २०१६ पासून एकाच स्क्रीनवर दोन खिडक्या लावता येतात. फोन उभाच आहे, पण पानाची खिडकी उंचीपेक्षा रुंद होऊ शकते. झाले, पान म्हणते फोन उभा धरा. अहो, उभाच आहे की! तसेच कीबोर्डचे. क्रोममध्ये पूर्वी कीबोर्ड वर आला की पानाची उंची घटायची आणि उभ्या फोनवरचे पान स्वतःला आडवे समजायचे. तुम्ही नाव टाइप करायला बोट लावायचे, कीबोर्ड यायचा, आणि तोच पडदा तुम्हाला दटावायचा. २०२२ च्या अखेरीस क्रोमने ती रीत बदलली. २०१९ पासून तर घडीचे फोन आले, उघडल्यावर जवळजवळ चौकोनी. त्यांना उभे म्हणायचे की आडवे? ज्या प्रश्नाला नेहमी धड उत्तर नसते, त्या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाला दाराबाहेर उभे करायचे, हा कुठला न्याय?

आता माझ्या वयाच्या वाचकांनी जरा लक्ष द्यावे, कारण पुढची गोष्ट आपल्या डोळ्यांची आहे. काही पाने दोन बोटांनी मोठी होत नाहीत. कितीही ताणा, अक्षर मुंगीएवढेच. मला वाटायचे माझी बोटे कोरडी पडली आहेत. पुतण्याने सांगितले की त्यामागेही हे फिरवण्याचेच प्रकरण असू शकते. आयफोनच्या जुन्या सफारीत एक दोष होता. उभ्याचा आडवा केला की पान उगाच मोठे होऊन उजवीकडून कापले जायचे. त्यावर सोपा तोडगा निघाला, की पान मोठे करण्याची सोयच बंद करून टाका. एका ओळीत काम. तो दोष ॲपलने २०१२ मध्ये आयओएस ६ बरोबर दुरुस्त केला. पण ती ओळ? ती एका पानावरून दुसऱ्या पानावर नकलून घेतली जात राहिली. शेवटी २०१६ मध्ये आयओएस १० पासून सफारीने ती ओळ जुमानणेच सोडून दिले. क्रोममध्येही सेटिंगच्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' भागात सक्तीने मोठे करण्याची सोय आहे, ज्यांना माहीत नसेल त्यांनी आजच चालू करावी. दुखणे कधीच गेले, पण पथ्य चालू, आणि तेही दुसऱ्यालाच. दोष होता यंत्राचा, सोय गेली अंधूक डोळ्यांच्या माणसाची.

पुतण्याने प्रतिवाद केला नाही असे नाही. केला, आणि चांगला केला. त्याचे मुद्दे प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला मुद्दा, "काही गोष्टींना एकच बाजू लागते." मान्य. पियानो वाजवायचा असेल तर पट्ट्या आडव्याच मांडाव्या लागतील. धनादेशाचे छायाचित्र काढायचे असेल तर आडवेच. पण अर्ज म्हणजे पियानो नव्हे. बातमी पियानो नव्हे. रेल्वेचे वेळापत्रक तर नव्हेच.

दुसरा मुद्दा, "बहुतेक लोक फोन उभाच धरतात." धरू देत. बहुतेक मुले उजव्या हाताने लिहितात, म्हणून डावखुऱ्याला परीक्षेला बसू द्यायचे नाही का? एके काळी आपल्याकडे डावखुऱ्या मुलांच्या हातावर छडी मारून त्यांना "सरळ" करत. मी नोकरीला लागलो तेव्हा तसे करणारे गुरुजी होते. त्यांचाही युक्तिवाद हाच असायचा, की बहुतेक जण असेच लिहितात.

तिसरा मुद्दा, "फिरण्याचा त्रास होत असेल तर फोनमध्येच फिरणे बंद करण्याची सोय आहे." बरोबर आहे, आणि तीच माझ्या बाजूची साक्ष आहे. ते कुलूप फोन बनवणाऱ्यांनी कुणाच्या हातात दिले? माझ्या. पानाच्या नाही. पानाच्या स्क्रिप्टलाही कुलूप लावण्याची आज्ञा आहे, पण आयफोनची सफारी ती मानत नाही, आणि अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ती साधारणपणे पान पूर्ण स्क्रीनभर उघडले असेल तरच चालते. ब्राउझरवाल्यांनी विचार करूनच हे ठरवले असणार. मग ज्यांना कुलूप लावता येईना, त्यांनी काळा पडदा शोधून काढला. काहींनी तर अख्खे पानच सीएसएसने ९० अंशांत वळवून ठेवले, म्हणजे फोन तुम्ही आडवा धरलात तरी मजकूर तुमच्याकडे कुशीवर निजलेला. दाराला कुलूप लावता येत नाही म्हणून दारात ठाण मांडून बसणारा माणूस आणि हे लोक यांत मला फरक दिसत नाही.

शिवाय फिरणे नेहमी हेतुपुरस्सर असते असे थोडेच आहे? रात्री कुशीवर पडून वाचताना फोन आपोआप फिरतो, कारण संवेदकाला जमीन कुठे आहे ते कळते, माझे डोळे कुठे आहेत ते कळत नाही. बसमध्ये हात वळला की फिरतो. फोन न मागता फिरतो, म्हणून तर पानाने फिरणे निमूट सोसायला हवे. चुकून झालेल्या हालचालीला अर्धा तास दंड?

चौथा मुद्दा मात्र खरा होता. तो म्हणाला, "काका, दोन्ही बाजूंनी तपासायला वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे कुणी देत नाही." यावर मला चटकन काही बोलता आले नाही. पोरगा रात्री दहा-दहापर्यंत काम करतो, मला माहीत आहे. पण नंतर विचार केला, त्या वेळाचे पैसे कुणीच देत नाही असे नाही. ते ताईने दिले. मी दिले. तुमच्या कचेरीतली पंधरा मिनिटे वाचली आणि ती हजारो माणसांच्या अर्ध्या-अर्ध्या तासांत वसूल झाली. हिशेब कुठे लिहिला नाही एवढेच. आणि काळा पडदा बनवायलाही वेळ लागतोच की! चित्र काढा, ते फिरते ठेवा, वाक्य लिहा, कधी दाखवायचे ते स्क्रिप्टमध्ये घाला. तेवढ्या वेळात अर्ज आडव्यात बसला नसता?

हा केवळ म्हाताऱ्याचा त्रागा नाही, नियमही आहे. वेबसाठी सुगम्यतेचे जागतिक निकष आहेत. जून २०१८ मध्ये त्यांची २.१ ही आवृत्ती आली, तिच्यात १.३.४ क्रमांकाचा निकष याच विषयावर आहे. मजकूर फक्त उभ्यात किंवा फक्त आडव्यात अडकवून ठेवू नये, तशी खरोखरच अनिवार्य गरज असेल तेव्हाच अपवाद. पियानो आणि धनादेश ही उदाहरणे मी वर दिली ती तिथलीच आहेत. आणि कारण काय दिले आहे? ज्यांचे यंत्र एकाच बाजूला पक्के बसवलेले असते, उदाहरणार्थ चाकाच्या खुर्चीच्या हाताला, त्यांना ते फिरवता येत नाही. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ताईची दांडी आली. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तीही याच २.१ आवृत्तीच्या 'एए' पातळीवर आधारलेली आहेत, आणि १.३.४ त्याच पातळीत येतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले. म्हणजे नियम आहे, तत्त्व आहे, न्यायालयाचा निकाल आहे. नाही ते पान लिहिताना एकदा फोन फिरवून पाहण्याचे सौजन्य.

शेवटी मी पुतण्याला गृहपाठ दिला. (जन्माची सवय!) इथे देतो, कारण या पानावर येणाऱ्यांपैकी तीन-चार जण याच धंद्यातले आहेत.

एक. फिरण्यावर काहीही रीलोड करायचे नाही.

दोन. मांडणी सीएसएसवर सोपवायची, आणि ती रुंदी पाहून, फोनची बाजू पाहून नव्हे. अर्ज एकच ठेवायचा, उभ्याचा वेगळा आणि आडव्याचा वेगळा असे करायचे नाही.

तीन. दटावणारा पडदा लावायचा नाही. आडव्यात जास्त बरे दिसणार असेल तर वर एक ओळ सुचवा, "आडवा धरल्यास तक्ता पूर्ण दिसेल." सुचवणे वेगळे, अडवणे वेगळे. आणि ती ओळ मराठी माणसासाठी असेल तर मराठीत.

चार. मोठे करून पाहण्याची सोय बंद करणारी ती जुनी ओळ शोधून काढून टाकायची.

पाच. परीक्षा अशी घ्यायची. अर्ज निम्मा भरा. एखाद्या रकान्यात अर्धा शब्द लिहून थांबा. फोन आडवा करा. पुन्हा उभा करा. अर्धा शब्द तिथेच आहे का? तुम्ही होतात त्याच जागी पान आहे का, की वर पळाले? सगळे जागच्या जागी असेल तर पास. या परीक्षेला एक मिनिट लागते.

पुतण्या गृहपाठ घेऊन गेला. बुधवारी रात्री त्याचा फोन आला. आवाज जरा पडलेला. त्याने त्याच्याच कंपनीचे एक चालू पान या परीक्षेला बसवले. नापास. आत शोधले तर रीलोडची ती ओळ होती, सहा वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेली. घालणारा केव्हाच नोकरी सोडून गेला.

"काढलीस ना मग?" मी विचारले.

"काढली. पण आता आडव्यात खालचं बटण स्क्रीनबाहेर जातंय. ते नीट करायला हवं. साहेब म्हणतात पुढच्या महिन्यात बघू."

मी म्हटले, "साहेबांना म्हणावं, माझी आत्या ८१ वर्षांची आहे. पुढच्या महिन्याचं जरा जपून बोला."

तो हसला नाही. "उद्याच बसतो," म्हणाला.

बसला की नाही ते अजून कळलेले नाही. कळले की इथेच लिहीन. तोवर तुम्हीही आपापल्या फोनवर ती एक मिनिटाची परीक्षा घेऊन पाहा, आणि कोण नापास झाले ते मला कळवा. ताईचा टॅब मी पुन्हा चिमट्यात बसवून आलो आहे. आडवाच.